एकावर दहा शून्ये आणि एकोणचाळीस

नाही, तोख्तासिनने नाही — त्या संख्येखाली लाल शाईने ‘संयुक्त’ असे लिहून सही करणारी मी. हे आधी नीट समजून घ्या, मग पुढचे विचारा. एकोणीसशे एकसष्ट साल, मे महिन्याची अकरा तारीख, मार्गिलानच्या आमच्या शाळेची तिसरी वर्गखोली. पेन माझे, शाई माझी, अक्षर माझे. गावात कोणी म्हणतो, पोराने बाईंना फसवले. कोणी म्हणतो, बाईंची नजर चुकली. दोन्ही विधाने असत्य आहेत. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि माझी नजर आज अडुसष्टाव्या वर्षीही चुकत नाही — तुमच्या कोटाचे दुसरे बटण तिसऱ्या काजात गेले आहे, ते काढून नीट लावा. — आणि तिथे नका बसू. इकडे या, तुतीच्या बुंध्याजवळ. त्या टोकाला बसलात तर भिंतीपलीकडून दिसता. तो कागद पर्समध्येच राहू द्या. मी मागितलेला नाही. ताश्कंदच्या यंत्राने काय छापले आहे ते मला वाचायचे नाही, आणि भिंतीपलीकडच्या माणसाच्या दृष्टीस तर तो पडताच कामा नये. येताना त्याच्या दारावरून आलात ना? हाक मारली नाहीत? — बरे केलेत.

चहा घ्या. अर्धाच ओतला आहे; पाहुणा हवासा असला की अर्धाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, हे तुम्हाला घरी शिकवले असेल. काठोकाठ भरलेला प्याला कोणाला देतात, तेही शिकवले असेल. रोटी तोडा. मनुका घ्या, घरच्या वेलाच्या आहेत.

तो आवाज? — तोच. दांडा फिरतो — एक, दोन, तीन, चार — आणि घंटी. भागाकाराचे जुने यंत्र आहे, हाताने फिरवायचे. शाळेने टाकून दिले तेव्हा मी तोख्तासिनला मिळवून दिले. घंटी वाजली की समजायचे, एक फेरा जास्त झाला, आता एक फेरा उलटा. आमचा नबीजान — मोहल्ल्याचा प्रमुख हो, त्या कोपऱ्यावरच्या घरातला — तो मला चिडवतो, “सालोमत-ओपा, तुमच्या चेल्याच्या घंटीवर आमच्या बायका कणीक भिजवतात, एक दिवस तो आजारी पडला तर मोहल्ला उपाशी!” हसा, हसायला हरकत नाही, मीही हसते. छत्तीस वर्षे ती घंटी वाजते आहे. तोख्तासिन हवामान केंद्रात होता, सकाळ-संध्याकाळ तापमापक वाचायचा, पावसाचे माप घ्यायचा, आणि उरलेल्या वेळात दिवसाला बारा भागाकार. जास्त नाही, कमी नाही. त्याच्या आधीची तीन भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी त्याचे नाव ‘थांबो’ या अर्थाचे ठेवले. तेवढे एक त्याने ऐकले, थांबला. बाकी कशातच त्याला थांबणे जमले नाही.

तुम्ही शास्त्र शिकलेल्या आहात, तुम्हाला संख्या सांगण्याची गरज नाही. तरी सांगते, कारण ती माझ्या तोंडून ऐकायला तुम्ही आला आहात. एकावर दहा शून्ये, शेवटी एकोणचाळीस. तेरा अंक. त्या यंत्राच्या खिडक्याही तेराच — ती त्यात बेतून शिवल्यासारखी बसते. तेव्हा शाळा सुटल्यावर मी गणिताचे मंडळ चालवत असे, आणि आम्ही ठरवले होते की लाख कोटींच्या पुढची पहिली मूळ संख्या आपण शोधायची, मार्गिलानने शोधायची. राजधानीतल्या लोकांनी नव्हे. एकेक विषम संख्या घ्यायची आणि तपासायची. शेवटी एक असलेली पहिलीच त्र्याहत्तरने निःशेष भागली गेली, तेव्हा पोरांनी बाके बडवली होती. तशा एकामागून एक पडल्या. ही मात्र पडेना. सातने भागली, बाकी पाच. तेराने भागली, बाकी एक. सदतिसाने, बाकी तीन. हजारापर्यंत गेलो, कोणालाही दाद देईना. दिसायला किती स्वच्छ, नाही? सगळी शून्येच. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

माझे दोन नियम होते, ते आजही मार्गिलानमध्ये म्हाताऱ्या-म्हाताऱ्या माणसांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. पहिला — वहीत एक चूक सापडली की सगळी वही पुन्हा लिहायची; दुरुस्ती नाही, खाडाखोड नाही, पहिल्या पानापासून. जिथे एक चूक शिरली तिथे दुसरी शिरली नसेल कशावरून? दुसरा — कोणताही निकाल दोन हातांनी काढायचा. दोन मुले, दोन वह्या, दोन वेगळ्या खोल्या, बोलायचे नाही, बघायचे नाही. शेवटी दोन्ही वह्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी. जुळल्या तर लाल सही. नाही जुळल्या तर तिसरा हात बसतो. या नियमाला अपवाद नाही. — नव्हता.

तर कसोटी अशी — तीन हा आकडा घ्यायचा, आपल्या संख्येपेक्षा एकने कमी इतक्या वेळा तो स्वतःशीच गुणायचा, आणि त्याला आपल्या संख्येने भागून काय उरते ते पाहायचे. संख्या मूळ असेल तर एकच उरतो; दुसरे काही उरूच शकत नाही. एकाखेरीज काही उरले तर संख्या संयुक्त, हे पक्के. तिला विभाजक आहे हे पक्के — पण तो कोणता, कुठे बसला आहे, हे कसोटी सांगत नाही. ऐकायला अवघड वाटते, हाताला नाही. चाळीस पायऱ्या. प्रत्येक पायरीला वर्ग करायचा, बाराव्या घरावर तोडायचा, डोक्याकडचा तुकडा एकोणचाळीसने गुणायचा आणि शेपटीकडच्या तुकड्यातून वजा करायचा. मान खाली घालून अकरा दिवस बसले की होते.

पहिला हात तोख्तासिन. दुसरा हात एक मुलगी. — तिचे नाव मस्तुरा. हुशार? मंडळात सगळेच हुशार होते, हुशार नसलेल्याला मी उंबरा ओलांडू देत नव्हते. ती सावकाश होती. जर्दाळूच्या बिया दाताने फोडत बसायची, कटक, कटक, मी शंभरदा सांगितले, “मस्तुरा, ही शाळा आहे, बाजार नाही.” ती म्हणायची, “ओपा, कटक झालं की पायरी संपली असं समजते मी, नाहीतर मोजणी चुकते.” आणि एकचा आकडा काढायची तो नुसती उभी काठी, वर टोपी नाही, खाली पाट नाही. मी त्यावरही रागावत असे.

आता जागेचा प्रश्न. ताश्कंदला वरच्या शिक्षणाची एक जागा होती, एकच, आणि जिल्ह्याचे अधिकारी बारा तारखेला सकाळी नऊ वाजता निकाल बघायला येणार होते. तोख्तासिनचे काम नऊ तारखेला संपले. त्याच्याकडे शेवटी एक उरला नाही, भलीमोठी बाकी उरली, बारा अंकी. म्हणजे संख्या संयुक्त. पोरगा धावत आला, “ओपा, पडली! पडली ती!” मला आनंद झाला. तुम्हाला कळणार नाही, तेरा अंकी संख्येचा निकाल, आमच्या मातीच्या भिंतींच्या शाळेत. — मी त्याच दुपारी तार केली. अधिकाऱ्यांना. ‘निकाल हाती. संख्या संयुक्त. विद्यार्थी तोख्तासिन. शिक्षिका सालोमत.’ आठ शब्द. दुसऱ्या हाताची वाट न पाहता. तेवढी एकच घाई मी आयुष्यात केली आहे आणि तिची पावती अजून माझ्याकडे आहे.

अकरा तारखेला मस्तुरा वही घेऊन आली. टेबलावर ठेवली. शेवटच्या ओळीत एक काठी. एक.

मी म्हटले, “चुकली आहेस.” ती म्हणाली, “कुठं, ओपा?” मी म्हटले, “कुठे ते महत्त्वाचे नाही, तोख्तासिनचा निकाल वेगळा आहे.” “मग त्याचा चुकला असेल की.” — असे तोंडावर. मी म्हटले, “एक आला तर संख्या बहुधा मूळ, शंका उरतेच, एक आला नाही तर ती संयुक्त, तिथे शंका नाही. शंका आणि निश्चय यांत निश्चय मोठा.” तर्क बिनचूक आहे, तपासून पाहा, फक्त गणिताला लागू होतो, गणित करणाऱ्याच्या हाताला नाही, हे मला माहीत होते आणि त्या सोळा वर्षांच्या पोरीलाही माहीत होते. ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, “बरं, मी चुकले. मग फाडा वही. नियम आहे ना तुमचा? मी पहिल्या पानापासून करते. अकरा दिवस द्या.”

मार्गिलानमध्ये एकेचाळीस वर्षे शिकवले. हजारो वह्या मी पुन्हा लिहून घेतल्या. तेवढी एकच वही मी पुन्हा करू दिली नाही.

— रोटी का ठेवलीत? खा. आणि ती उताणी ठेवा, पालथी नाही. अन्न आहे ते. — तुम्ही माझ्याकडे असे पाहू नका. मला ठाऊक आहे तुम्ही कोण. दारात उभ्या राहून ‘ताश्कंदहून, संगणक केंद्रातून’ एवढेच म्हणालात, बापाचे नाव सांगितलेत, आईचे सांगितले नाहीत. पण चिठ्ठीवर आपला फोन लिहून दिलात. त्यात तीन ठिकाणी एक आहे. तिन्ही काठ्या. वर टोपी नाही, खाली पाट नाही. — मग आता मी तुला तू म्हणते, मुली. मस्तुराची मुलगी मला अहो-जाहो करण्याइतकी परकी नाही. कधी गेली ती? — वसंतात. हं. — पिठाच्या पेटीच्या झाकणावर? आतून? खडूने लिहिलेली होती ती संख्या, आणि खाली एक? आणि दरवर्षी पुसट झाली की पुन्हा गिरवायची? आणि तुम्ही पोरे समजत होतात की ती आईची काही दुवा आहे, बरकतीची. — नाही, मी रडत नाही, माझ्या डोळ्यांत कायमच पाणी असते, शरदात विशेष. आणि मग तू ती संख्या यंत्रात घातलीस. किती वेळ लागला? — सांगू नकोस. तू बोट उचललेस त्याच्या आत, असेच ना?

तेविसाव्या पायरीवर वजा करायच्या जागी तोख्तासिनने मिळवले. एकोणचाळीसने गुणून मिळवले. बाविसाव्यापर्यंत दोन्ही वह्या अंक अन् अंक सारख्या आहेत, तेविसाव्याला फुटतात, आणि त्यानंतर कधी एकमेकींना भेटत नाहीत. — काय? मला कसे ठाऊक? दोन वह्या शेजारी ठेवल्या की दिसते. बोट ठेवून खाली खाली जायचे, पहिली न जुळणारी ओळ शोधायची, तेवढीच ओळ तपासायची. अर्ध्या तासाचे काम आहे. — कधी केले? — चहा गार होतो आहे. — त्याच दुपारी. चार वाजता. तिला घरी पाठवल्यावर. झाले समाधान? सही मी साडेपाचला केली.

तिच्या वहीचे शेवटचे पान मी काढले, तिच्यासारख्या अक्षरात नवे लिहिले, त्यात तोख्तासिनची बाकी उतरवली, गोंदाने चिकटवले. शेवटच्या ओळी जुळल्या; मधली पाने कोणी पाहत नाही. सकाळी अधिकारी आले, टोपी काढून त्यांनी तोख्तासिनशी हात मिळवला. त्याचे नाव शाळेच्या ओवरीतल्या फळीवर सोनेरी अक्षरांत लागले. तुला जे नाव बदलून हवे आहे ना, तेच. मला वाटले, एखाददुसऱ्या वर्षात मुलीचे लग्न होईल, तिचा बाप स्थळे पाहतच होता. मुलगा पुढे जाईल. आणि ती संख्या — संख्येला काय, तिला कुठे काही जाणवते? दोन वर्षांनी लग्न झालेही. त्यात मी चुकले नाही. मी बसले होते मेजवानीला. तिने माझ्या हातावर पाणी घातले, रुमाल दिला, आणि इतरांना ऐकू जाणार नाही असे म्हणाली, “ओपा, त्याला विभाजक सापडायचा नाही हं.” हसत म्हणाली. तशी खेळकर होती ती.

सापडायचा कसा? ताश्कंदला पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी त्याला विचारले, “संयुक्त आहे ना? मग एक तरी विभाजक दाखव.” साधा प्रश्न. तो म्हणाला, दाखवतो. वर्ग सोडून भागत बसला. परीक्षा चुकली, मग दुसरी चुकली, वसतिगृहातून काढले. बासष्टच्या डिसेंबरात एका बोचक्यानिशी परत आला आणि सरळ माझ्या दारात. “ओपा, तुमची सही आहे म्हणजे विभाजक आहेच. दहा लाखांच्या आत एक असलाच पाहिजे. दहा लाखांच्या आत मूळ संख्या अठ्ठ्याहत्तर हजार चारशे अठ्ठ्याण्णव. एकेकीने भागतो. जाईल कुठं?” — मी तेव्हा सांगायला हवे होते असे तुझ्या मनात आहे. मला ते तोंड दाखवू नकोस. मी त्याला यंत्र मिळवून दिले. शहाण्णव पानी वह्या दिल्या. दर शुक्रवारी तो आठवड्याचे काम तपासायला घेऊन येई, आणि मी तपासत असे — प्रामाणिकपणे, प्रत्येक बाकी. अठरा वर्षे.

ऐंशी साली तो टोकाला आला. अठ्ठाविसावी वही, शेवटची काही पाने. आणि त्या गुरुवारी हसियत, त्याची बायको, अनवाणी धावत इथे आली, याच झाडाखाली. “ओपा, ह्यांनी आंघोळ केलीय. पांढरा सदरा घातलाय. सगळ्या वह्या बांधून ठेवल्यात न् मला विचारतायत विहिरीचा दोर कुठाय.” मी म्हटले, “दोर कशाला?” “म्हणतायत, वह्या बांधायला.” — वह्या तर आधीच बांधलेल्या होत्या.

मी गेले. म्हटले, “तोख्तासिन, गठ्ठा सोड, मला पुन्हा एकदा पाहायचे आहे.” तिसरी वही, एकविसावे पान. एका बाकीत तीनाचा अंक होता. तीनाच्या दोन उघड्या तोंडांना दोन रेघा जोडल्या की आठ होतो. तो दोर शोधायला आत गेला होता तेवढ्यात मी तो आठ केला, आणि तो बाहेर आल्यावर पान त्याच्यासमोर धरले. “ही बाकी चुकली आहे. एक चुकली म्हणजे नियम तुला ठाऊक आहे.” त्याने ते पान फार वेळ पाहिले. माझी शाई निळी होती, त्याची थोडी जांभळट. मग म्हणाला, “हो ओपा. आठच दिसतोय. माझंच लक्ष नव्हतं.” दोर हसियतकडे दिला. दुसऱ्या दिवशी घंटी वाजायला लागली. पहिल्या वहीच्या पहिल्या पानापासून.

विद्यार्थ्याच्या वहीत मी माझ्या हाताने कधीही अंक बदललेला नाही — दोनदा सोडून. दुसऱ्या वेळेचा मला पश्चात्ताप नाही. तू पहिल्या वेळेचा विचारते आहेस, ते मला कळते.

आता ऐक, कारण हे तुझ्या कागदापेक्षा महत्त्वाचे आहे. ही दुसरी अठरा वर्षेही संपली. आज त्याच्या वाट्याला तीन संख्या उरल्या आहेत. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एकसष्ट. मग नऊशे एकोणऐंशी. मग नऊशे त्र्याऐंशी. त्यापुढे दहा लाख, संपले. आणि या तिन्हींना यंत्र लागतच नाही, मुली, ही गंमत बघ. दहा लाखांना किती कमी पडतात ते घ्यायचे, त्याचा वर्ग, अधिक एकोणचाळीस — झाली बाकी. शेवटच्या संख्येला सतरा कमी पडतात. सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद, अधिक एकोणचाळीस, तीनशे अठ्ठावीस. तिच्या आधीचीला एकवीस कमी. चारशे एक्केचाळीस अधिक एकोणचाळीस, चारशे ऐंशी. पहिलीला एकोणचाळीस कमी — पंधराशे एकवीस अधिक एकोणचाळीस, पंधराशे साठ. तीनशे अठ्ठावीस, चारशे ऐंशी, पंधराशे साठ. शून्य कुठेही नाही. रोटी तोडता तोडता होते एवढे. मला हे येते म्हणजे त्यालाही येते. मीच शिकवले आहे.

आणि तरी गेले एकवीस दिवस तो या तीन भागाकारांवर बसला आहे. ऐक — एक, दोन, तीन, चार, घंटी. कशाला भागतो आहे, सांग बघू? — कशालाच नाही. नुसता फिरवतो. थांबला तर हसियत दाराशी येऊन उभी राहते, म्हणून.

गेल्या शुक्रवारी तो आला. अठ्ठाविसावी वही त्याने आणलीच नाही. तिसरी आणली. माझ्यासमोर ठेवली, उघडली, पान माझ्याकडे फिरवले, आणि खिशातून पेन काढून वहीवर आडवे ठेवले. त्याचे स्वतःचे पेन, जांभळट शाईचे. म्हणाला, “ओपा, बघा बरं. कुठंतरी चुकलंच असेल.” मी म्हटले, “तोख्तासिन, तू चोपन्न वर्षांचा आहेस.” तो म्हणाला, “अजून एकदा होईल की. दिवसाला बारा.” मग बाहेर जाता जाता भिंतीशी थांबला. “मस्तुरा गेली म्हणे,” म्हणाला. “तिचं काय आलं होतं हो, ओपा? एक ना?” — त्याने उत्तराची वाट पाहिली नाही.

म्हणून सांगते, तू भिंतीपलीकडे जायचे नाहीस. तू त्याला काही नवे सांगणार नाहीस. जे त्याने छत्तीस वर्षे बाहेर उभे केले आहे ते फक्त दार उघडून आत घेशील. आणि त्या विहिरीवर दोर अजून आहे. — काय म्हणालीस? तुझ्या आईचे काय? — हो. तो प्रश्न बरोबर आहे. मी त्याला गुण देईन. उत्तर देणार नाही.

ही तिची वही. घे. छत्तीस-सदतीस वर्षे लोखंडी पेटीत होती, एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही. शेवटचे पान चिकटवलेले आहे, ते माझे. खरे पान यात नाही. — जाळले? मी? बरोबर उत्तर मी कधी जाळलेले नाही. ते माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. फळीवरचे नावही राहील. तुला फळीचा पुरावा हवा आहे. तो त्या पानावर आहे, आणि ते पान बाहेर आले की संध्याकाळपर्यंत भिंतीपलीकडे पोहोचते. हा मोहल्ला आहे. नबीजानला तार लागत नाही.

तेव्हा ठरले आहे ते असे. उद्या शुक्रवार. मी त्याच्या तिसऱ्या वहीतल्या पानावरच्या एका अंकाला दोन रेघा जोडीन; परवापासून तो पहिल्या वहीच्या पहिल्या पानापासून सुरू करील; तिसरी खेप तो पुरी करणार नाही आणि ती तपासायला मी असणार नाही. हे मान्य केले आहे मी. मान्य केले आहे हसियतने — ती काल दिवसभर दोर धुऊन वाळत घालत होती, आणि मी विचारल्यावर तिने मान डोलावली. आणि मान्य केले आहे तोख्तासिनने. पेन त्याचेच आहे. मस्तुराला विचारलेले नाही. तेव्हाही विचारले नव्हते.

प्याला इकडे करा. — हो, पाहा नीट, काठोकाठ. सांडू नका. स्टेशनची गाडी कोपऱ्यावरून सुटते, डावीकडे वळा. उजवीकडे नाही. आणि तुमचे बटण अजून तिसऱ्याच काजात आहे, बाई.